फ्लॉक्सचा वाफा

मुलांनो, तुम्ही फ्लॉक्सचे फूल पाहिले आहे का? नाव ओळखीचे वाटणार नाही. पण हिवाळ्यात सार्वजनिक बागेत गुलाबी, लाल, पांढऱ्या फुलांचे बुटके, दाट ताटवे तुम्ही नक्की पाहिले असतील. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या आणि खाली एक बारीक नळी असते. अशी अनेक फुले एकत्र येऊन झुपका होतो. फ्लॉक्स हा ग्रीक भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ ज्योत. उर्दूत आपण शोला म्हणतो ना, तोच.

आमची शाळा मालेगावची. एका वर्षी सातवीच्या मुलांनी ठरवले, की २६ जानेवारीला झेंड्याभोवती आपण लावलेली फुले हवीत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांनी खोक्यात फ्लॉक्सचे बी पेरले. बी उजेडात नीट रुजत नाही, म्हणून वर मातीचा पातळ थर दिला. दहा-बारा दिवसांत रोपे वर आली. महिन्याभराने मोजली, तर दीडशे निघाली! आमचा वाफा, म्हणजे क्यारी, दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. दोन रोपांत एक वीत अंतर ठेवले, तर त्यात पन्नासच्या आसपास रोपे बसतात. हे मी मुलांना सांगितले. पण जादा रोपे उपटायला कोणाचाच हात धजेना. “सर, एवढी मेहनत केली, मग फेकायची कशी?” असे म्हणून त्यांनी सगळी रोपे त्याच वाफ्यात कोंबली. मीही गप्प बसलो. ती माझी चूक होती.

डिसेंबरात वाफा हिरवागार दिसत होता. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पानांवर पांढरी भुकटी दिसू लागली. मुलांना वाटले, हा खडूचा चुरा आहे. वाफ्याजवळच्या भिंतीवर पाचवीची मुले डस्टर झटकत असत. त्यावरून दोन वर्गांत चांगलेच भांडण झाले. एका मुलाने पाने ओल्या फडक्याने पुसली. चार दिवसांत भुकटी पुन्हा हजर!

शेवटी आमच्या शाळेचे शिपाई आले. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. तरुणपणी ते निफाडकडे द्राक्षबागेत कामाला होते. त्यांनी पान उलटून पाहिले आणि म्हणाले, “सर, हा खडू नाही. ही भुरी आहे.”

भुरी हा बुरशीचा रोग आहे. बुरशी म्हणजे फफूंद. शिळ्या पावावर येणारी बुरशी मेलेल्या अन्नावर वाढते. भुरी मात्र जिवंत झाडावरच वाढते. ती पानाच्या वरच्या पेशींत बारीक सोंडा खुपसते आणि आतला अन्नरस शोषते. पान पिवळे पडते, वाळते आणि गळते. पुष्कळ बुरशींना रुजण्यासाठी पानावर पाणी लागते. भुरीला ते लागत नाही, हवेतला दमटपणा तिला पुरतो. रोपांची गर्दी, सावली, कोंडलेली हवा आणि मुळांशी कोरडी पडलेली माती, हे सगळे तिच्या सोयीचे. आमच्या वाफ्यात यातले काहीच कमी नव्हते.

एक गोष्ट मात्र चाचांनाही नवी होती. द्राक्षावरची भुरी आणि फ्लॉक्सवरची भुरी दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांच्या बुरशी वेगवेगळ्या आहेत. एकीचा रोग दुसऱ्या झाडाला लागत नाही.

“चाचा, औषध मारू या ना!” मुले म्हणाली. चाचा हसले. ते म्हणाले, “द्राक्षावर गंधक मारतात, पण आधी वेलीच्या फेलफुटी काढतात. मांडवात वारा शिरला नाही, तर नुसत्या औषधाने काय होणार?” कडक उन्हात गंधक मारले, तर पानेही करपतात. शिवाय लहान मुले जिथे खेळतात तिथे ते उडवणे मला पसंत नव्हते.

मग त्या दिवशी जे आधीच करायला हवे होते ते केले. एकाआड एक रोप उपटले. रोगट पाने खुडून पिशवीत भरली आणि शाळेबाहेर टाकली. झारीने वरून पाणी घालणे बंद केले. सकाळी मुळाशी पाणी द्यायचे असे ठरले. एक मुलगी रडत होती. तिने उपटलेल्यांपैकी सहा निरोगी रोपे तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावली. २६ जानेवारीला वाफ्यात जेमतेम वीस-पंचवीस फुले होती. खरा बहर आला तो फेब्रुवारीच्या मध्यावर.

त्या मुलीने मला विचारले, “सर, ही झाडे पुढच्या वर्षी परत येतील का?” नाही. आपल्याकडचा हा फ्लॉक्स एका हंगामाचा. त्याचे मूळ घर अमेरिकेतील टेक्सास. थॉमस ड्रमंड नावाच्या स्कॉटिश संशोधकाने तिथून त्याचे बी ब्रिटनला पाठवले. टेक्सासात ड्रमंडला कॉलरा झाला होता. त्यातून तो वाचला, पण १८३५ साली क्यूबात मरण पावला. या फ्लॉक्सला त्याचेच नाव दिले आहे.

पण फ्लॉक्सचा एक मोठा भाऊ आहे, तो दर वर्षी परत येतो. त्याला बहुवर्षायू फ्लॉक्स म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व भागात नदीकाठी आणि रानाच्या कडेला तो आपोआप उगवतो. तो कमरेएवढा, कधी छातीएवढा वाढतो. थंडीत वरचा भाग वाळतो, पण जमिनीतले मूळ जिवंत राहते आणि वसंत ऋतूत नवे कोंब फुटतात. त्याला कडक हिवाळा हवा असतो. म्हणून मालेगावच्या उन्हाळ्यात तो टिकायचा नाही.

त्यालाही भुरी फार छळते. तिथले माळी दोन झाडांत दीड-दोन फूट अंतर ठेवतात. कोंब वीतभर झाले, की त्यांतले पाच-सहा जोमदार ठेवून बाकीचे मुळाशी कापतात. चाचांच्या फेलफुटींचीच ही गोष्ट! मुळाशी पालापाचोळा पसरून ते माती ओलसर राखतात. तीन-चार वर्षांनी गड्डा खणून काढतात, मधला जुना भाग टाकतात आणि कडेचे ताजे तुकडे पुन्हा लावतात. सुकलेली फुलेही खुडतात. कारण बी खाली पडले, तर उगवणारे रोप आईसारखे निघेलच असे नाही. मग लोकांना वाटते, की आपल्या फ्लॉक्सने रंग बदलला.

काही जाती मुळातच भुरीला दाद देत नाहीत. टेनेसी राज्यात हार्पेथ नदीच्या काठी ‘जीना’ नावाची अशी एक जात सापडली. डेलावेअर राज्यातल्या माउंट क्यूबा सेंटर या बागेत २०१५ ते २०१७ या काळात अनेक फ्लॉक्स शेजारी शेजारी लावून पाहिले. त्यांत जीना सरस ठरली. तिची फुले अगदी लहान, तरी फुलपाखरे सर्वांत जास्त तिच्याकडेच आली.

आमच्या वाफ्यात मार्चमध्ये बोंडे पिकली. फ्लॉक्सचे बोंड वाळले, की आपोआप तडकते आणि बी लांब उडते. म्हणून आम्ही ती थोडी आधीच तोडली, थाळीत ठेवली आणि वर मलमलचे फडके बांधले. दुपारी वर्ग शांत असताना थाळीतून टक्‌ टक्‌ आवाज येई. तेव्हा कोणाचेही धड्याकडे लक्ष राहत नसे, माझेसुद्धा! ते बी आम्ही डबीत भरले. त्या मुलीने डबीवर चिठ्ठी चिकटवली : फ्लॉक्स, मिश्र रंग. अंतर एक वीत.