इमारत एका फायलीत, झाड दुसऱ्या फायलीत: संवर्धन क्षेत्र म्हणजे नेमकं काय?



पीएचडीच्या पहिल्या वर्षी प्रस्ताव मांडायला उभी राहिले तेव्हा माझ्या विषयाचं नाव होतं, 'दादर परिसरातील वारसा इमारती व वृक्षांचे संवर्धन'. स्लाइड्स छान जमल्या होत्या. गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्या, जुने जिने, रस्त्यावर कमान धरणारी झाडं. सगळं बघून झाल्यावर समितीतल्या एका मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "तुझा हा परिसर कुठे सुरू होतो, कुठे संपतो, आणि ती रेघ कोणी मारली?"

मी गप्प! खरं सांगायचं तर तोपर्यंत 'परिसर' हा शब्द मी बोलण्यातल्यासारखाच वापरत होते. पुढचे कित्येक महिने या एका प्रश्नामागे गेले. आजची पोस्ट त्यावरच आहे. शहर नियोजन, समाजशास्त्र, भूगोल, पर्यावरण, तुमचा विषय यातला कुठलाही असू दे, विषयापासून प्रश्नापर्यंत कसं यायचं यासाठी हे उदाहरण उपयोगी पडेल असं वाटतं.

वस्तू जपणं आणि परिसर जपणं

आपल्याकडे वारसा म्हटलं की आधी स्मारक डोळ्यांसमोर येतं. किल्ला, लेणी, मंदिर. केंद्राचा १९५८ चा स्मारकविषयक कायदा अशाच वास्तूंसाठी आहे आणि त्यात वास्तू किमान शंभर वर्षं जुनी असावी लागते. म्हणजे १९३०-४० च्या दशकातली शिवाजी पार्कची तीन-चार मजली घरं त्यात बसतच नाहीत. शिवाय त्यातलं एखादं घर वेगळं काढून पाहिलं तर कदाचित साधंच वाटेल. मजा आहे ती एका ओळीत उभ्या असलेल्या घरांची, त्यांच्या सारख्या उंचीची, मधल्या मोकळ्या जागेची, कट्ट्याची आणि सावलीची.

याला अभ्यासाच्या भाषेत 'समूहमूल्य' म्हणतात. एकेकट्या वस्तूची किंमत वेगळी आणि त्या एकत्र असल्यामुळे तयार होणारी किंमत वेगळी. मुंबईतलं ठळक उदाहरण म्हणजे ओव्हल मैदान. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग, मध्ये मैदान. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली ती या समूहाची. मधलं मैदान काढून टाका, दोन्ही बाजूंच्या इमारती तशाच राहतील, पण समूह मोडेल.

एका इमारतीऐवजी असा समूह जपायचा असेल तर नकाशावर एक हद्द आखावी लागते. त्या हद्दीच्या आतलं क्षेत्र म्हणजे संवर्धन क्षेत्र.

इंग्लंडमध्ये ही रेघ कशी आली

ही कल्पना कायद्यात नीट मांडली गेली ती ब्रिटनमध्ये, १९६७ च्या सिव्हिक अॅमेनिटीज अॅक्टमध्ये. डंकन सँडीज या खासदाराने ते विधेयक आणलं होतं. त्याच वर्षी स्टॅमफर्ड हे गाव पहिलं संवर्धन क्षेत्र ठरलं. आज एकट्या इंग्लंडमध्ये अशी सुमारे दहा हजार क्षेत्रं आहेत.

कायद्याची व्याख्या थोडक्यात अशी: ज्या भागाला विशेष वास्तुशास्त्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्व आहे आणि ज्याचं वळण किंवा रूप जपणं वा वाढवणं इष्ट आहे, असा भाग. यातला 'किंवा' लक्षात ठेवा. क्षेत्र ठरवण्याचं काम मुख्यतः स्थानिक परिषद करते. म्हणजे गावाला स्वतःच्या चेहऱ्यामोहऱ्याबद्दल निर्णय घेता येतो.

सुरुवातीला या रेघेला दात फारसे नव्हते. १९७४ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी आणल्या. एक, हद्दीतली इमारत पाडायला परवानगी लागू लागली. दोन, आणि माझ्यासाठी हीच महत्त्वाची, हद्दीतल्या झाडांनाही संरक्षण मिळालं. आजचा नियम असा की जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास ७५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर ते झाड तोडण्याआधी किंवा छाटण्याआधी परिषदेला सहा आठवड्यांची नोटीस द्यावी लागते. त्या काळात परिषद येऊन झाड बघते. जपण्यासारखं वाटलं तर त्या झाडासाठी स्वतंत्र संरक्षण आदेश काढते. नाही काढला तर मालक काम करायला मोकळा.

इथे बंदी कुठेच नाही बघा. आहे ती फक्त थांबण्याची सक्ती. कुऱ्हाड आणि झाड यांच्यामध्ये सहा आठवडे ठेवलेत, एवढंच. संवर्धन म्हणजे सगळं गोठवून टाकणं, असा समज आपल्याकडे फार आहे. तिथल्या सर्वोच्च पातळीवरही हा प्रश्न गेला होता. १९९२ मध्ये कार्टमेल गावातल्या पाद्रीनिवासाच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की नव्या बांधकामाने परिसराला इजा होत नसेल, तर परिसर 'जपला' असंच म्हणायचं.

अर्थात त्यातही भोकं आहेत. जुनी लाकडी खिडकी काढून प्लास्टिकची बसवणं अशा बारीक बदलांना एरवी परवानगी लागतच नाही. परिषदेने त्यासाठी वेगळा आदेश काढला तरच अटकाव होतो. नाहीतर क्षेत्र कागदावर राहतं आणि गल्ली एकेका खिडकीने बदलत जाते.

मुंबईतली रेघ

मुंबईसाठी वारसा नियमावली आली १९९५ मध्ये. शहराच्या पातळीवर असे नियम करणारं हे देशातलं पहिलं शहर मानलं जातं. यादीतल्या वास्तूंना श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन अशा पायऱ्या आहेत. श्रेणी एक म्हणजे राष्ट्रीय महत्त्व, सहसा हात लावायचा नाही. खाली येऊ तसतशी बदलाला मुभा वाढते. याशिवाय एक प्रकार आहे 'हेरिटेज प्रीसिंक्ट', म्हणजे वारसा परिसर. गिरगावातली खोताची वाडी हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. अशा प्रस्तावांवर महापालिकेला सल्ला द्यायला पुरातन वारसा समिती असते, जिला सगळे हेरिटेज कमिटी म्हणतात.

म्हणजे रेघ आपल्याकडेही आहे. मग फरक कुठे?

झाड कुठल्या फायलीत?

फरक झाडापाशी आहे. आपल्याकडे शहरातल्या झाडांसाठी स्वतंत्र कायदा आहे, १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. त्याचं स्वतःचं वृक्ष प्राधिकरण, स्वतःचे वृक्ष अधिकारी, स्वतःची वृक्षगणना. तो शहरभर लागू होतो. या बाबतीत आपला कायदा इंग्लंडपेक्षा कडकच म्हणायचा, कारण झाड संवर्धन क्षेत्रात आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात 'हेरिटेज ट्री' ही कल्पना आणली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड म्हणजे वारसा वृक्ष. तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची, हा नियमही तेव्हाच आला.

वाचायला चांगलं वाटतं. पण जरा थांबून बघा. इमारतीची यादी बघते शैली आणि इतिहास. झाडाचा कायदा बघतो वय. इमारत आणि झाड यांच्यामधलं नातं कोणती फाइल बघते? कुठलीच नाही.

आणि प्रत्यक्षात झाडाचं भवितव्य बऱ्याचदा इमारतीच्या नकाशात ठरतं. दादर-माटुंग्याच्या जुन्या आखणीत प्लॉटच्या कडेने मोकळी जागा सोडलेली असते. झाडं तिथे वाढली, मुळं तिथे पसरली. पुनर्विकासात पार्किंगसाठी पोडियम किंवा तळघर येतं आणि बांधकाम जवळजवळ प्लॉटच्या कडेपर्यंत जातं. झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही, पण जमिनीखाली मुळं कापली जातात. मग 'झाड धोकादायक झालंय' असा अर्ज येतो आणि वृक्ष प्राधिकरणापुढे तो अर्ज खराच असतो! झाड तोवर खरोखर धोकादायक झालेलं असतं. निर्णय मात्र आधीच, दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या फायलीत होऊन गेलेला असतो.

एका झाडाच्या बदल्यात साठ रोपं लावली, तरी ती त्याच गल्लीत लागतीलच असं नाही. शहराचा हिशेब जुळतो, गल्लीची सावली जाते. वय मोजणाऱ्या कायद्याला हे दिसत नाही. हद्द आखणाऱ्या कायद्याला दिसू शकतं.

माझा संशोधनप्रश्न शेवटी इथे सापडला: 'एकाच प्लॉटवरच्या इमारतीचा आणि झाडाचा निर्णय दोन यंत्रणा वेगवेगळ्या वेळी घेतात, तेव्हा काय होतं?' पहिल्या विषयाशी ताडून बघा. पहिला विषय होता, हा प्रश्न आहे.

आणि तिथे राहणारी माणसं?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मग सगळीकडे हद्दी आखून टाकाव्यात. मलाही वाटायचं.

२०१२ मध्ये मुंबईच्या वारसा यादीत ९४८ नव्या वास्तू आणि परिसरांची भर घालण्याचा प्रस्ताव आला. त्यात शिवाजी पार्क होतं. विरोध कोणी केला? बिल्डर तर होतेच, पण तिथले रहिवासीही मोठ्या संख्येने होते. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. एवढ्या सुंदर जागी राहतात आणि ती जपायला नको म्हणतात!

मग फील्डवर्क सुरू झालं. एका आजोबांनी चहा दिला आणि मग स्वयंपाकघराचं छत दाखवलं. स्लॅबमधून गंजलेली सळई दिसत होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आजींचे दोन्ही गुडघे गेलेले. ते म्हणाले, "बाळ, तुला आमची गॅलरी आवडते. ती दुरुस्त करायला पैसे कोण देणार, तेवढं तुझ्या प्रबंधात लिही."

मी ते वाक्य डायरीत लिहिलं आणि त्या दिवशी एकही प्रश्न पुढे विचारला नाही. माझ्या प्रश्नावलीत 'तुम्हाला वारसा जपावासा वाटतो का?' असा प्रश्न होता, उत्तर हो किंवा नाही. आजोबांचं उत्तर त्यात बसतच नव्हतं. त्यांना गॅलरी हवी होती, आणि लिफ्टही. हद्द आखली की बदलाची किंमत मालकावर किंवा भाडेकरूवर पडते आणि सावलीचा, सौंदर्याचा फायदा रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांना मिळतो. खर्च एकाचा, लाभ सगळ्यांचा. हा पेच सोडवल्याशिवाय हद्द आखली तर ती माणसांना पिंजऱ्यासारखी वाटणारच. मी प्रश्नावली बदलली. 'काय बदललेलं चालेल, काय चालणार नाही, आणि खर्च कोणी करावा?' असे तीन प्रश्न आले.

२३ टक्के की ९ टक्के?

हद्दीमुळे मालकाचं नुकसान होतं की फायदा, यावर २०१२ मध्येच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी इंग्लिश हेरिटेजसाठी मोठा अभ्यास केला. दहा लाखांहून जास्त घरविक्रीचे व्यवहार तपासले. संवर्धन क्षेत्रातली घरं बाहेरच्यांपेक्षा सरासरी सुमारे २३ टक्के महाग निघाली.

झालं, सिद्ध झालं? थांबा. ही क्षेत्रं मुळातच चांगल्या जागी असतात. घरं मोठी, ठिकाण मोक्याचं. घराचं स्वरूप आणि ठिकाण यांचा परिणाम वेगळा काढल्यावर फरक उरला सुमारे ९ टक्के. आणि उरलेल्या ९ टक्क्यांतही हद्द आखल्याचा परिणाम किती आणि आधीपासूनच्या देखणेपणाचा किती, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

पद्धतीचा हा धडा कुठल्याही विषयात कामाला येतो. ज्या गोष्टी निवडून वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यांची तुलना न निवडलेल्यांशी करताना आधी विचारा: त्या निवडल्या का गेल्या? आणि हो, इंग्लंडचा आकडा उचलून दादरला लावू नका. तिथे मालकाला घराची वाढलेली किंमत मिळते. इथे पागडीच्या घरातल्या माणसाला काय मिळतं, हा वेगळाच अभ्यास आहे.

तुमच्या प्रस्तावासाठी

माझ्या चुकांमधून निघालेल्या चार गोष्टी सांगते.

१. विषयातल्या ज्या शब्दाबद्दल तुम्हाला काहीच शंका वाटत नाही, त्याचीच व्याख्या आधी लिहा. माझ्यासाठी तो 'परिसर' होता.

२. कायदा मुळातून वाचा. बातमी किंवा दुसऱ्याचा पेपर पुरेसा नाही. 'आणि' आहे की 'किंवा', 'बंदी' आहे की 'नोटीस', यावर अख्खं प्रकरण फिरतं.

३. एकाच गोष्टीवर दोन खाती निर्णय घेत असतील, तर दोन्हीकडच्या तारखा एका तक्त्यात शेजारी मांडा. मी इमारतीच्या परवानगीची तारीख आणि झाडाच्या अर्जाची तारीख अशा मांडल्या, तेव्हाच मला माझा प्रश्न दिसला.

४. जे तुमच्या मताविरुद्ध आहेत त्यांच्या घरी आधी जा.

परवा पुन्हा त्या आजोबांच्या सोसायटीत गेले होते. पुनर्विकासाचा ठराव अजून चर्चेत आहे. फाटकाजवळच्या झाडाला पांढरा-तांबडा पट्टा आणि क्रमांक आहे. आजोबांनी विचारलं, "तुझ्या त्या कायद्यात आम्ही आणि हे झाड, दोघं एकाच कागदावर येणार की नाही?"

प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाचं शीर्षक अजून ठरलेलं नाही, पण त्याचा प्रश्न आता ठरलाय.

भेटू पुढच्या पोस्टमध्ये.