कटाकिस : एका नकलेची कारागिरी

आडवे सरकणारे अवकाश, त्यात आपले एक चिमुकले यान आणि समोरून येणाऱ्या शत्रूंच्या टोळ्या, ही व्हिडिओ गेमची मांडणी १९८१ साली रुळली. त्या वर्षी आर्केडमध्ये विल्यम्सचा ‘डिफेंडर’ आणि कोनामीचा ‘स्क्रॅम्बल’ गाजत होते. १९८५ मध्ये कोनामीनेच ‘ग्रेडियस’ काढला आणि १९८७ मध्ये इरेम या जपानी कंपनीच्या ‘आर-टाइप’ने सगळ्यांवर कडी केली. या परंपरेचा आढावा घेताना एवढी नावे हमखास येतात. पश्चिम जर्मनीतल्या रेनबो आर्ट्सने १९८८ मध्ये कमोडोर ६४ आणि अमिगा या घरगुती संगणकांसाठी काढलेला ‘कटाकिस’ मात्र ‘आर-टाइपची नक्कल’ एवढ्या एका ओळीत निकालात निघतो. तो नक्कल आहे यात वादच नाही, पण नक्कल कशी केली हे पाहण्यासाठीच तो खेळण्याजोगा आहे, असे माझे म्हणणे आहे.

‘आर-टाइप’ची खुबी दोन गोष्टींत होती. एक म्हणजे ‘फोर्स’ नावाचा गोळा. तो यानाच्या नाकाला जोडता येतो, शेपटीला जोडता येतो, सुटा करून पुढे धाडता येतो आणि शत्रूच्या गोळ्या तो अंगावर झेलतो. दुसरी म्हणजे साठवता येणारा झोत. बटण दाबून धरले की शक्ती साठत जाते, पण तेवढा वेळ यानातून नेहमीचा मारा होत नाही. म्हणजे मारायचे की थांबायचे, हा निर्णय क्षणाक्षणाला आलाच. ‘कटाकिस’च्या कमोडोर आवृत्तीचा कर्ता मानफ्रेड ट्रेन्त्स याने या दोन्ही कल्पना उचलल्या आणि यंत्र व मांस यांच्या मिश्रणातून घडलेले अवाढव्य शत्रूही त्याच वळणाचे काढले.

पण त्या उतरवायच्या कशावर? इरेमच्या यंत्रात ८ मेगाहर्ट्झचा सोळा-बिटी प्रोसेसर होता. कमोडोर ६४ चा आठ-बिटी प्रोसेसर जेमतेम १ मेगाहर्ट्झचा, स्मृती ६४ किलोबाइट. त्याची चित्र-चिप पडदा आठ बिंदूंपर्यंत आपणहून सरकवते. त्यानंतर पडद्यावरची ४० गुणिले २५ असे १००० अक्षरखाने प्रोसेसरने स्वतः एकेक घर हलवायचे असतात, आणि तेवढेच रंगांचे खानेही. युरोपीय टीव्हीवर सेकंदाला ५० चित्रे. म्हणजे एका चित्रामागे प्रोसेसरच्या वाट्याला साधारण १९,७०० ठोके येतात. एक खाना हलवायला आठ-नऊ ठोके धरले तरी जवळजवळ सगळा वेळ सरकवण्यातच संपतो. म्हणून हे काम अनेक चित्रांत वाटून द्यावे लागते. शिवाय सुट्या हलत्या आकृत्या फक्त आठ. टीव्हीचा किरण वरून खाली येताना वर वापरलेली आकृती खाली पुन्हा वापरायची, ही युक्ती तेव्हाच्या प्रोग्रामरांना अवगत होती. तरी एका आडव्या रेषेत आठांपेक्षा जास्त बसत नाहीतच. शत्रू किती आणि कोणत्या उंचीवर आणायचे, हे अशा हिशेबानेही ठरते. मूळ खेळाचा प्रोग्राम इथे जसाच्या तसा काही कामाचाच नव्हता. सगळे नव्याने लिहिणे भाग होते.

कोणी म्हणेल, कष्टाने केलेली चोरीही चोरीच. हा आक्षेप गंभीर आहे, कारण ही काही पहिली वेळ नव्हती. ज्याची चित्रे ट्रेन्त्सने काढली तो १९८७ चा ‘ग्रेट गियाना सिस्टर्स’ही ‘मारिओ’वर बेतलेला होता आणि निन्टेन्डोच्या दबावामुळे दुकानांतून हटवला गेला. ‘कटाकिस’वरही ‘आर-टाइप’च्या संगणक-आवृत्त्यांचे हक्क असलेल्या अ‍ॅक्टिव्हिजनने हरकत घेतली, पुढे तो फेरफार करून ‘देनारिस’ या नावाने पुन्हा आला. पण त्याच अ‍ॅक्टिव्हिजनने अधिकृत ‘आर-टाइप’ची कमोडोर ६४ आवृत्ती ट्रेन्त्सकडून करून घेतली आणि अमिगाची फॅक्टर ५ या जर्मन गटाकडून, ज्याने अमिगावरचा ‘कटाकिस’ घडवला होता. फिर्यादीनेच आरोपीला कामावर ठेवले! कौशल्याचा याहून रोकडा दाखला मिळणे कठीण. नव्वदीत आपल्याकडे घरोघरी आलेली खेळयंत्रेही बहुतांशी निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकलाच होत्या, पण त्यांच्या काडतुसांत बरेचदा मूळ खेळाचा प्रोग्रामच उतरवलेला असे. ती प्रत झाली, पुनर्निर्मिती नव्हे. दोघांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप या सगळ्या जातकुळीवरच आहे: हे खेळ म्हणजे निव्वळ पाठांतर. ‘आर-टाइप’चा तिसरा टप्पा घ्या. तो सबंध टप्पा म्हणजे एकच अजस्र युद्धनौका, पडद्यात न मावणारी. कुठल्या तोफेखाली सरकायचे, गोळा मागे कधी लावायचा, हे मरून मरूनच कळते. आणि मेल्यावर कमावलेली शस्त्रे काढून घेऊन मागे पाठवतात. हे निष्ठुर आहे, मान्य. पण घाटातली वळणे पाठ असलेल्या एसटी चालकाला कोणी अकुशल म्हणत नाही. धोका कुठे आहे हे कळले, तरी त्या क्षणी साठवलेला झोत सोडायचा की आणखी थांबायचे, हा प्रश्न उरतोच.

‘कटाकिस’ मूळ खेळाच्या तोडीचा नाही. ख्रिस ह्यूल्सबेकचे संगीत मात्र कमोडोरच्या तीन सुरांच्या चिपमधून आजही दणक्यात वाजते. तुलना करून पाहायची असेल, तर आधी ‘आर-टाइप’ खेळा, मग कमोडोरवरचा ‘कटाकिस’. इम्युलेटरवर खेळताना यंत्राचे युरोपीय, ५० हर्ट्झचे मॉडेल निवडा. खेळ त्याच्याच वेगासाठी लिहिलेला आहे.