टिक्... टिक्... वाघ कुठे आहे?

गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात सूरजागडचे डोंगर आहेत. दाट जंगल, मधूनच नाले आणि टेकडीमागे टेकडी. अशा रानात वाघ शोधायचा कसा? जाणकार माणूस नाल्याच्या ओल्या वाळूत पंजाचा ठसा बघतो आणि माग काढतो. पण वाघ खडकावरून गेला तर? ठसाच उमटत नाही! मग हवेतून माग काढावा लागतो.

२० मे २०२३ रोजी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागातून आणलेल्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात सोडण्यात आल्या. त्यांच्या गळ्यात होता एक पट्टा, म्हणजे रेडिओ कॉलर. असा पट्टा उपग्रहांच्या मदतीने आपली जागा ठरवून ती कळवतो. शिवाय त्यातला छोटा प्रक्षेपक सारखा टिक् टिक् असा संदेश सोडत असतो. काही पट्ट्यांत तर प्राणी बराच वेळ हलला नाही, की टिकटिकीचा वेग बदलतो. वनरक्षक समजतात, काहीतरी गडबड आहे!

ही टिकटिक ऐकायला हातात धरायचा अँटेना लागतो. पूर्वी गच्चीवर दूरदर्शनसाठी आडव्या काड्यांचा अँटेना असायचा ना? आईबाबांना विचारा. त्याच जातीचा हा 'यागी' अँटेना. तो वाघाच्या दिशेने वळवला की आवाज मोठा, बाजूला फिरवला की बारीक. यातून फक्त दिशा कळते. म्हणून नकाशावर त्या दिशेने एक रेघ ओढायची, मग दुसऱ्या जागी जाऊन दुसरी. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे जवळपास वाघ!

सोपे वाटते ना? पण डोंगर फसवतात. टेकडी मध्ये आली की आवाज दबतो, कधी समोरच्या कड्यावर आपटून भलत्याच दिशेने येतो. म्हणून आधी उंच जागा गाठायची आणि दोनावर न थांबता तिसरी रेघही ओढायची.

हौशी रेडिओवाले, म्हणजे 'हॅम' मंडळी, याचाच खेळ खेळतात. एक प्रक्षेपक झुडपात लपवतात आणि बाकीचे तो शोधतात. खेळाचे नाव 'फॉक्स हंट', पण कोल्ह्याला मात्र काही त्रास नाही! आता तर संगणकाला जोडायचा बोटाएवढा रिसीव्हर काही हजार रुपयांत मिळतो. मूळचा तो टीव्ही पाहण्यासाठी बनवलेला. २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींना कळले, की त्यातून कितीतरी प्रकारच्या रेडिओ लहरी संगणकाच्या पडद्यावर बघता येतात. महागड्या यंत्राचे बरेचसे काम आता सॉफ्टवेअर करते.

तुम्हीही एक प्रयोग करा. साधा मध्यमलहरींचा रेडिओ लावा आणि तो आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. एका जागी आवाज अगदी बारीक होईल. त्या वेळी रेडिओतल्या अँटेनाच्या कांडीचे टोक केंद्राच्या रेषेत असते. वहीत ती रेघ काढा. सुट्टीत मामाच्या गावी गेलात की तेच केंद्र लावून पुन्हा करा.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पट्टा म्हणजे वाघाचे चिलखत नव्हे. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय' वाघाच्या गळ्यात पट्टा होता. एप्रिल २०१६ मध्ये त्याचा संदेश थांबला. खूप शोधाशोध झाली, पण जय पुन्हा सापडला नाही. आणि २०१३ मध्ये तर मध्य प्रदेशातल्या पन्ना इथल्या एका वाघाच्या पट्ट्याची माहिती जिथे यायची, ती ई-मेलची पेटी कुणा परक्याने उघडण्याचा प्रयत्न केल्याचे समोर आले. ज्या संदेशाने रक्षक वाघापर्यंत पोचतो, त्याच संदेशाने शिकारीही पोचू शकतो!

म्हणूनच वाघाच्या टिकटिकीच्या मागे आपण लागायचे नाही. ते काम वनखात्याचे. पोलिसांचे किंवा दुसऱ्यांचे खाजगी बोलणेही चोरून ऐकायचे नाही. स्वतः हवेत बोलायची हौस असेल, तर बारा वर्षे पूर्ण झाल्यावर परीक्षा देऊन हॅमचा परवाना मिळवता येतो. तोवर रेडिओ फिरवा, रेघा ओढा, लपवलेला 'कोल्हा' शोधा.

आणि वाघ? त्याचा ठावठिकाणा आपल्याला कळला तरी चारचौघांत सांगायचा नाही. चांगल्या माग काढणाऱ्याला कान हवेतच, पण तोंड बंद ठेवणेही जमले पाहिजे!