‘दाजिबा’चे अर्थकारण

यंत्रवाद्यांच्या गाण्यांनी मराठी अभिरुची बिघडविली, ही तक्रार रत्नागिरीतील सुशिक्षितांच्या बैठकीत अजूनही ऐकू येते. तिचे पहिले लक्ष्य असते वैशाली सामंत यांनी गायिलेले ‘ऐका दाजिबा’. परंतु हा प्रश्न अभिरुचीपेक्षा अर्थकारणाचा अधिक आहे.

‘लगान’मध्ये (२००१) सामंत यांचा स्वर आशा भोसले आणि उदित नारायण यांच्या जोडीने ऐकू आला होता. मात्र त्यांचे नाव घरोघर पोचविले ते २००२ मधील, अवधूत गुप्ते यांनी संगीत दिलेल्या या चित्रपटबाह्य मराठी गाण्याने. चित्रपटाच्या आधाराविना असे गीत जगू शकते, हे नाझिया हसन यांच्या ‘डिस्को दीवाने’ने १९८१ मध्येच सिद्ध केले होते. मराठीला दोन दशके लागली, कारण आपली बाजारपेठ लहान. वादकांचा ताफा हिंदीसाठी बसवा की मराठीसाठी, खर्च तेवढाच. तो वसूल करावयाचा मात्र थोड्या ग्राहकांकडून. सिंथेसायझर आणि संगणक यांनी हा खर्च खाली आणला. (ही बचत म्हणजेच कित्येक व्हायोलिनवादकांची बेकारी, हेही नमूद केले पाहिजे.)

महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत तोवर मराठी गाणे म्हणजे भावगीत, कोळीगीत, नाही तर लावणी. हिंदी ठेक्यावर नाचणाऱ्या मुलांच्या तोंडी ‘दाजिबा’ हे अस्सल गावरान संबोधन आले, ही संस्कृतीची हानी कशी?

चिंता करावयाचीच तर ती वेगळ्या गोष्टीची करावी. ‘जत्रा’ चित्रपटातील ‘कोंबडी पळाली’ सामंत यांनी आनंद शिंदे यांच्यासह गायिले. अजय-अतुल यांची तीच चाल २०१२ मध्ये ‘अग्निपथ’मधून ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर गेली. तेथे आवाज श्रेया घोषाल यांचा होता. चाल दुसऱ्या भाषेत जाते, गळा मागे राहतो. त्याच वर्षी स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन कलावंताला सादरीकरणाच्या व्यापारी वापरावर मानधनाचा वाटा मिळाला खरा. पण वरात आणि लग्नानिमित्तचे समारंभ यांतील वादनाला कायद्याने सूट आहे, आणि अशा गाण्यांचे आयुष्य तर तेथेच जाते. मंगल कार्यालयाचे भाडे ठरते, ध्वनिक्षेपकवाल्याची बिदागी ठरते, जनित्राच्या डिझेलचेही पैसे मोजले जातात. गायिकेच्या नावाचा रकाना त्या हिशेबात नसतो.