एक रात्र पोखर्णीच्या नृसिंहाजवळ

वैशाख शुद्ध चतुर्दशी ही श्रीनृसिंहाच्या प्राकट्याची तिथी. हिरण्यकशिपूने वर मागताना दिवस नको, रात्र नको, घराच्या आत नको, बाहेर नको, असे मृत्यूचे सारे मार्ग रोखून धरले होते. भगवंतांनी दिवस आणि रात्र यांच्यामधली सायंवेळ निवडली. आत आणि बाहेर यांच्यामधला उंबरठा निवडला. म्हणून नृसिंहाचा जन्मोत्सव सूर्यास्तसमयी होतो. या दैवताचे खरे दर्शन घ्यावे ते दिवे लागणीच्या वेळी.

परभणीहून गंगाखेडच्या वाटेने दक्षिणेस सुमारे १८ किलोमीटर गेले की पोखर्णी हे गाव लागते. मराठवाड्यातील कित्येक कुळांचे कुलदैवत असलेला नृसिंह येथे नांदतो. परभणी-परळी लोहमार्गावरील स्थानकही त्याच्याच नावाने ओळखले जाते. गावाचे नाव कानी पडताच संस्कृताच्या अभ्यासकास ‘पुष्करिणी’ हा शब्द आठवल्यावाचून राहात नाही. पुष्करिणी म्हणजे कमळांचे तळे. पालीत तिची ‘पोक्खरणी’ होते. असे नाव असलेल्या गावाजवळ वाटसरूने दोन घटका थांबावे, पाणी प्यावे, पाय धुवावेत, हे ओघानेच आले.

परंतु आज थांबतो कोण? उन्हाळ्याची सुटी लागली की घरोघरी मोटारीने तीर्थयात्रेचे बेत ठरतात. औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही आपल्या भागातील दोन प्रख्यात ज्योतिर्लिंगे. मोटारीने त्यांच्यातील अंतर तीन-चार तासांचे. म्हणून सकाळी औंढा, दुपारी परळी, सायंकाळी अंबाजोगाईची योगेश्वरी आणि रात्री जमल्यास तुळजापूर, असा हिशेब मांडला जातो. पोखर्णी या वाटेवरच आहे. पण तिच्या वाट्याला येतात ती दहा मिनिटे. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण खुला झाला. रस्ते सुधारले हे उत्तमच झाले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की वाचलेला वेळ आपण कोठे खर्च करतो.

अतिथी कोणास म्हणावे?

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचा विस्तृत भाग आहे. पुलस्त्य ऋषींनी भीष्मांना सांगितलेली तीर्थांची माहिती तेथे नारद युधिष्ठिरास निवेदन करतात. ती वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. अमुक तीर्थी स्नान करावे, एवढ्यावर ऋषी थांबत नाहीत. तेथे एक रात्र राहावे, तेथे तीन रात्री राहाव्यात, असे ते पुनःपुन्हा सांगतात. तीर्थ हे योजनांनी जसे मोजावयाचे, तसेच रात्रींनीही मोजावयाचे.

मनुस्मृतीने तर ‘अतिथी’ या शब्दाची व्याख्याच रात्रीवरून केली आहे. जो एक रात्र राहतो तो अतिथी. त्याचे राहणे नित्याचे नसते, म्हणून तो अ-तिथी. याचा व्यत्यास ध्यानी घ्यावा. जो रात्र काढीत नाही, तो अतिथी होतच नाही. तो वाटसरू राहतो. देवाच्या गावी जाऊन आपण अतिथी व्हावे की नुसते वाटसरू, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.

आपल्या मराठवाड्याला हा विचार परका नाही. श्रीचक्रधरस्वामी गोदातीरी गावोगाव हिंडले. ते कोठे बसले, कोठे राहिले, याची नोंद महानुभावांनी ‘लीळाचरित्रा’त केली आणि पुढे अशा स्थानांसाठी ‘स्थानपोथी’ हा स्वतंत्र ग्रंथच सिद्ध केला. ज्या खेड्यात सत्पुरुषाने एक रात्र वसती केली, ते खेडे ग्रंथात अमर झाले. वारकऱ्यांनीही ‘विसावा’ आणि ‘मुक्काम’ हे दोन शब्द कटाक्षाने निराळे ठेवले. विसावा घटकाभराचा, मुक्काम रात्रीचा. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पंढरपुरास पायी जाते. परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई हीच तिची वाट; पंढरी गाठण्यास तिला महिनाभर लागतो. जी वाट आपण एका दिवसात उरकतो, तिच्यावर ते वारकरी कितीतरी रात्री काढतात!

ती राहिलेली रात्र

हे मी उपदेशाच्या अधिकाराने लिहीत नाही. चुकलेल्या माणसाने सांगावे तसे सांगतो आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी वैशाखातच मी वृद्ध मातोश्रींना घेऊन औंढ्याहून परळीस निघालो होतो. दुसरे दिवशी तेथे माझे कीर्तन होते. पोखर्णीला पोहोचलो तेव्हा उन्हे उतरत होती. आई दर्शन घेऊन सभामंडपात टेकली आणि म्हणाली, “आजची रात इथंच राहू या रे. पुन्हा माझं येणं होतंय का नाही!” मी घड्याळ पाहिले. म्हणालो, “आई, येताना राहू.” ती काही न बोलता उठली. परळीस पोहोचेतो मंदिर बंद झाले होते. ती रात्र उकाड्याच्या खोलीत तळमळत गेली. परतीची वाट दुसरीच धरावी लागली, आणि पुढचा वैशाख आईने पाहिला नाही.

ज्या कीर्तनासाठी मी घाई केली, त्यात प्रल्हादाख्यानच लावले होते. भक्ताच्या शब्दाखातर देव खांबातून प्रकटला, असे मी रंगवून सांगत होतो, आणि आईच्या एका शब्दाखातर मला एक रात्र थांबता आले नव्हते.

दोन वर्षांनी मी एकटाच पोखर्णीस गेलो आणि ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या ओसरीवर उतरलो. सूर्य मावळला, गुरे परतली, धूळ खाली बसली आणि देवळातील घंटा वाजली. आरतीला शेतातून हातपाय धुऊन आलेली माणसे होती. त्यांना कोठे जावयाचे नव्हते, म्हणून आरतीलाही घाई नव्हती. रात्री ज्वारीची भाकरी, पिठले आणि ठेचा झाला. यजमान म्हणाले, “बुवा, आलात तर दोन शब्द सांगा.” अंगणात दहा-पंधरा जणांसमोर टाळांच्या साथीने मी बोललो. पहाटे मंदिरात गेलो तेव्हा देव आणि मी, दोघेच होतो. आईला काय हवे होते, ते त्या पहाटे मला कळले.

मुक्कामाचे गाव कसे निवडावे?

यात्रेला निघणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दिवसाचा पल्ला लहान धरावा. वैशाखाच्या उन्हात पहाटे निघावे, दुपारी सावलीस थांबावे आणि सूर्यास्तापूर्वी घटकाभर तरी मुक्कामी पोहोचावे. गावाची ओळख सायंकाळीच होते. मोठ्या क्षेत्री गर्दी असेल तर त्याच्या अलीकडचे लहान गाव पाहावे. जेथे नित्य पूजा-आरती होते, नदी वा बारव आहे आणि माणसांना बोलण्यास सवड आहे, ते गाव निवडावे.

अशी गावे आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत. गंगाखेडला गोदाकाठी संत जनाबाईंचे स्थान आहे. तेथील घाटावरची सकाळ चुकवू नये. जवळच धारासूरला गुप्तेश्वराचे शिल्पसमृद्ध प्राचीन मंदिर आहे. जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे तर प्राचीन मंदिरांचेच गाव. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव अलीकडे ग्रामस्थांनी गाळ उपसून पुन्हा मोकळी केली. पुढे अंबाजोगाईस आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, आणि वस्त्रावर ‘पासोडी’ लिहिणाऱ्या दासोपंतांचे तेच गाव. योगेश्वरीच्या दर्शनानंतर तेथे एक रात्र सहज सार्थकी लागते.

लहान गावी सोयी कमी असतात, हे खरे. बरोबर वृद्ध माणसे वा लेकरे असतील तर निवास, पाणी, शौचालय यांची चौकशी आधीच दूरध्वनीवरून करावी. सोय नसेल तर रात्री निजावयास तालुक्याच्या गावी जावे. परंतु सायंकाळची आरती आणि पहाटेचे दर्शन त्या लहान गावीच घ्यावे. ऐन जयंतीच्या दिवशी मुक्कामाचा भार गावावर घालू नये; त्यासाठी मागचा-पुढचा साधा दिवस धरावा.

आणि अतिथी म्हटले की त्याचेही धर्म आलेच. नारळ-फुले, भाजी, दूध त्याच गावात विकत घ्यावे. उष्टे-खरकटे, कागद, बाटल्या मागे ठेवू नयेत. जेवू घालणाऱ्या माउलीच्या हाती पैसे ठेवण्यास संकोच वाटेल, तर तिच्या लेकरांना वह्या-पुस्तके द्यावीत. रात्रभर ज्याने आपणांस आसरा दिला, त्या गावाचे आपल्या जाण्याने काही उणे होऊ नये.

देवाने हिरण्यकशिपूच्या वधासाठी ना महाल निवडला, ना राजसभेचा मध्यभाग. त्याला उंबरठा पुरला. दोन मोठ्या क्षेत्रांच्या मधली ही लहान गावे म्हणजे आपल्या यात्रेचे उंबरठेच होत. वाचकहो, यंदा यात्रेस निघाल तेव्हा बरोबरच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी म्हणाले, “आजची रात इथंच राहू या,” तर घड्याळाकडे पाहू नका. गाडी थांबवा.

श्रीनृसिंहार्पणमस्तु.