०.२४ म्हणजे नेमकं काय?

"काका, तुम्ही बरोबरी का घेतली?" एका ओपन स्पर्धेत डाव संपल्यावर समोरच्या शाळकरी मुलाने मला विचारलं. (काका! अठ्ठावीस वर्षांचा आहे हो मी.) त्याचं रेटिंग १७००, माझं १५००. पटावर हत्ती आणि प्यादी उरली होती, माझं एक प्यादं जास्त होतं. तरी त्याने बरोबरी विचारताच मी हात पुढे केला. डोक्यात एकच आकडा घोळत होता, ०.२४.

तो येतो कुठून? भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची रेटिंग-पद्धत फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. तीत दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून 'अपेक्षित गुण' काढतात. जिंकलात तर १, बरोबरीला अर्धा, हरलात तर शून्य. फरक २०० असेल तर वरच्याला ०.७६, खालच्याला ०.२४.

आता गल्लत कुठे होते बघा. ०.२४ म्हणजे जिंकायची शक्यता २४ टक्के, असं नाही. ती सरासरी आहे. शंभर डावांत १० विजय आणि २८ बरोबऱ्या झाल्या तरी २४ गुण, नुसते २४ विजय मिळाले तरी तेवढेच. शिवाय हा अंदाज पहिल्या खेळीआधीचा. २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख २४६३, कोनेरू हंपी २५४३. दिव्याचे अपेक्षित गुण डावाला ०.३९. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, आणि टायब्रेकच्या दुसऱ्या जलद डावात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकली.

माझा हिशेब मी घरी येऊन केला. माझा 'के' गुणक २०. बरोबरीचे (०.५ − ०.२४) × २० = ५.२ वाढले. जिंकलो असतो तर १५.२ वाढले असते, हरलो असतो तर ४.८ गेले असते. म्हणजे बरोबरीपासून वर १०, खाली १०. वजाबाकी करताना ते ०.२४ चक्क उडूनच जातं! समोर १७००चा असो की २३००चा, डाव पुढे खेळावा की नाही हे ठरवताना बघायचं ते इतकंच, की पटावरच्या या स्थितीतून माझ्या पदरात सरासरी अर्ध्याहून जास्त पडेल का.

एक प्यादं जास्त होतं, घड्याळात बारा मिनिटं होती. पडलं असतं, असं मला वाटतं.