इंग्रजी वर्तमानपत्रांतील बोली व आमचें भाषांतर

गतवर्षीं नववीच्या वर्गांत भाषांतराच्या तासास आम्हीं पहिल्या महायुद्धाच्या बातमीपत्रांच्या धर्तीवर रचिलेला एक इंग्रजी उतारा दिला होता. एका शिपायाच्या दंडास गोळी लागून त्यास 'ब्लाइटी' मिळाली व त्याचे सोबती त्याचा हेवा करूं लागले, असें त्यांत एक वाक्य होतें. एका हुषार विद्यार्थ्यानें कोश उघडून 'ब्लाइट' म्हणजे पिकांवरील करपा हें शोधून काढिलें. आणि शिपायाच्या जखमेस करपा लागला व सोबती त्याच्यावर जळूं लागले, असें लिहून दिलें. वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. परंतु मुलानें कोश पाहिला होता, म्हणजे चूक आळसाची नव्हती.

गंमत ही कीं, 'ब्लाइटी' हा शब्द मुळांत आपल्याकडचाच आहे. हिंदुस्थानांत राहिलेल्या गोऱ्या शिपायांनीं येथील लोकांच्या तोंडून 'विलायती' हा शब्द ऐकला व जिभेस वळेल तसा फिरवून आपल्या मायदेशास लाविला. १९१४ ते १९१८ च्या युद्धांत तो खंदकाखंदकांतून पसरला. आणि ज्या जखमेनें प्राण जात नाहींत, पण मनुष्यास घरीं पाठवावें लागतें, तिलाही तेंच नांव पडलें. सोबत्यांचा हेवा तो घरीं जाण्याचा! हें ठाऊक नसेल तर वाक्यांतले सर्व शब्द समजूनही वाक्य कळत नाहीं.

वर्तमानपत्राचा लेखक घाईनें लिहितो, आणि वाचणारा आपल्याच गल्लींतला आहे असें धरून लिहितो. लंडनच्या पोलिसास 'बॉबी' कां म्हणावें हें तो सांगत बसत नाहीं. १८२९ सालीं गृहमंत्री रॉबर्ट पील यांनीं तेथील पोलिसदल उभारिलें व रॉबर्टचें लाडकें रूप बॉबी, एवढें त्याच्या वाचकास पुरतें. 'बॉब' म्हणजे मात्र शिलिंग. १९७१ सालीं इंग्लंडांत दशमान नाणीं आलीं व शिलिंगांचा हिशेब संपला, तरी जुन्या पत्रांतून तो भेटतोच. मथळ्यांत तर जागा अपुरी, म्हणून लहान शब्दांची फार चलती. 'राउ' म्हणजे तंटा व 'रो' म्हणजे रांग. लिहिण्यांत दोन्ही एकच. भाकरीच्या भावावरून तंटा करणारे सभासद आमच्या एका विद्यार्थ्यानें भाकरीसाठीं रांगेंत उभे केले होते!

याहून फसवे शब्द ते, ज्यांचा अर्थ दोन देशांत उलट होतो. सभेंत ठराव 'टेबल' करणें म्हणजे इंग्लंडांत तो चर्चेस मांडणें. अमेरिकेंत तो बाजूस ठेवून देणें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश व अमेरिकन अधिकाऱ्यांच्या बैठकींत याच शब्दावरून बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, आणि अखेर दोघांचें म्हणणें एकच असल्याचें निघालें. ही हकीकत चर्चिलसाहेबांनीं आपल्या युद्धेतिहासांत नमूद केली आहे.

आमची फजिती याहून लहान, पण जिव्हारीं लागलेली. एका माजी विद्यार्थ्याचे वडील अमेरिकन पत्राचें कात्रण घेऊन आमच्याकडे आले. परदेशी विद्यार्थ्यांची फी कमी करण्याचा ठराव 'टेबल' झाला, असें त्यांत होतें. आम्हीं तत्काळ 'ठराव मांडला गेला, आतां आशा आहे' असें सांगितलें. त्या भरंवशावर त्यांनीं पुढील सहामाहीच्या पैशांची जुळवाजुळव लांबणीवर टाकिली. पुढें मुलाकडून कळलें कीं ठराव गुंडाळून ठेविला असून फी पुरी भरावयाची आहे. तेव्हां घाईनें व चढ्या व्याजानें त्यांस कर्ज काढावें लागलें. त्यांनीं आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. तेव्हांपासून बातमी कोणत्या देशांतील पत्राची, हें पाहिल्यावांचून आम्ही अर्थ सांगत नाहीं.

क्रिकेटवरून आलेले शब्द आमच्या मुलांस सांगावे लागत नाहींत. 'गुगली' म्हटली कीं सारा वर्ग समजतो. अमेरिकन पत्रांतील बेसबॉलपुढें मात्र तोच वर्ग मुका होतो.

ऐतिहासिक नांवांविषयीं आमच्या शिक्षकवर्गांतच दोन मतें आहेत. एखाद्या पुढाऱ्यास त्याचें 'वॉटर्लू' भेटलें, याचें भाषांतर 'त्याचें पानिपत झालें' असें करावें काय? ऐकावयास गोड वाटतें. परंतु १८१५ च्या वॉटर्लूनंतर नेपोलियन पुन्हां उठला नाहीं. तो सेंट हेलिना बेटावर कैदेंत वारला. उलट १७६१ च्या पानिपतानंतर थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत मराठी राज्य सांवरलें, व दहा वर्षांत मराठी फौजा पुन्हां दिल्लींत शिरल्या. शिवाय वॉटर्लू हा एका विजयी पुरुषाचा अंत, तर पानिपत हा घरोघरचा आकांत. तेव्हां 'अखेरचा पराभव' एवढेंच लिहावें, असें आमचें मत. पानिपत आपल्यापाशींच असूं द्यावें.

बायबलांतील उल्लेख आमच्या शाळेंत तरी सोपे जावे, पण रविवारीं ऐकलेली गोष्ट सोमवारच्या पत्रांत ओळखूं येत नाहीं. 'अकराव्या तासाला तडजोड झाली' असें मराठींत सर्रास छापतात, व वाचक घड्याळाकडे पाहतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यांतील हा तास सूर्योदयापासून मोजलेला, म्हणजे दिवस मावळावयास आला तेव्हांचा. आपण 'अगदीं शेवटच्या घटकेस' म्हणावें. 'भिंतीवरचें लिखाण' हेंही तसेंच. बेलशस्सर राजाच्या मेजवानींत हात दिसला व त्यानें भिंतीवर त्याच्या नाशाचीं अक्षरें लिहिलीं, हें न जाणणारा भिंतीवर जाहिरात चिकटवून मोकळा होतो.

करपा लाविणाऱ्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं 'विलायती'ची गोष्ट सांगून वाक्य पुन्हां लिहावयास दिलें. त्यानें लिहिलें: 'दंडावरच्या गोळीनें त्याची घरची वाट मोकळी केली, आणि धडधाकट सोबती त्याच्या जखमेकडे आशेनें पाहूं लागले.' आम्हीं तें वाक्य फळ्यावर उतरून घेतलें.